मास्तरांची चाल आणि हजारांचा गळा

संगीतावरचे व्याख्यान म्हटले की डोळ्यांपुढे गालिचा येतो, जुळलेले तंबोरे येतात आणि पहिल्या रांगेत मान डोलवणारे चार जाणकार येतात. ही बैठक थोर आहे आणि तिच्यात बसण्याची योग्यता अंगी आणायला आयुष्य खर्ची घालावे लागते, याबद्दल वाद नाही. पण बैठकीत गाणारा एक असतो आणि ऐकणारे शंभर. याच्या उलट असेही एक गाणे असते. त्यात गाणारे हजार असतात आणि वेगळा ऐकणारा कोणी नसतोच. दिंडीतले गाणे असे असते, भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या बायकांचे गाणे असे असते, मोर्च्यातले गाणे असे असते. कामगार संघटनेच्या कामात आमची उमर गेली, तेव्हा आमचा संबंध या दुसऱ्या गाण्याशी अधिक. आणि इतकी वर्षे मोर्चे काढल्यावर एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो, की हजार माणसांना एका रस्त्याने चालवणे सोपे. एका सुरात आणणे महाकठीण.

हे कठीण काम आपले मानून ज्यांनी त्यासाठी झीज सोसली, त्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्यावर आज बोलावयाचे आहे. त्यांचे नाव निघाले की लोक नाट्यसंगीताच्या आठवणी काढतात, बालगंधर्वांचा काळ आठवून हळहळतात. ते योग्यच आहे. परंतु आमच्या मते मास्तरांच्या आयुष्याचा धागा निराळा आहे. उत्तमातले उत्तम गायन शिकलेला हा माणूस त्या विद्येच्या बळावर बैठकीत सुखाने राहू शकला असता. तो तेथून उठून रंगभूमीवर आला, रंगभूमीवरून बोलपटात गेला आणि बोलपटातून निघून थेट दिल्लीत, सत्तेच्या दारात उभा राहिला. एवढा प्रवास त्याने कशासाठी केला? ज्यांना गाणे येत नाही त्यांच्याही गळ्यात चाल बसली पाहिजे, यासाठी. एरवी विखुरलेल्या वाटणाऱ्या त्यांच्या कार्याला एकसूत्र लागते ते येथे.

आळंदीपासून आरंभ

कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर यांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी आळंदीस झाला. घराण्याचे आडनाव मराठवाड्यातल्या फुलंब्री गावावरून पडलेले. आळंदीचे माहात्म्य आम्ही सांगावे असे नाही. मुरबाड-शहापूरकडची कितीतरी माणसे कार्तिकी एकादशीला तेथे जाऊन येतात. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते दिंडीतल्या गाण्याच्या रचनेकडे. विणेकरी मधोमध असतो. कोणी एक अभंगाचे चरण म्हणतो आणि दोन्ही बाजूंचे टाळकरी ध्रुपद धरतात. ज्याला अख्खा अभंग पाठ आहे तो अख्खा म्हणतो. ज्याला काहीच येत नाही तोही दोन वेळा ऐकून ध्रुपदात मिसळतो. चालण्याचा ठेका आणि गाण्याचा ठेका एकच, त्यामुळे पाय गाण्याला आधार देतात आणि गाणे पायांना. शेकडो वर्षांच्या अनुभवातून घासूनपुसून तयार झालेली ही समूहगानाची पद्धत आहे. जन्मापासून ती कानांवर पडली नाही असा आळंदीचा मुलगा सापडायचा नाही.

लहान वयातच कृष्णा नाटक कंपनीत गेला. १९११ च्या सुमारास नाट्यकला प्रवर्तक संगीत मंडळीत तो बालनट म्हणून उभा राहिला. सवाई गंधर्व तेथे होते आणि गाण्याचे पहिले संस्कार त्याला त्यांच्याकडून मिळाले. त्या काळच्या नाटक मंडळ्या म्हणजे गरीब घरच्या गोड गळ्याच्या मुलांना दोन वेळचे जेवण आणि विद्या देणारी बिऱ्हाडे होती. रात्री जागवायच्या, सकाळी तालमी करायच्या, गाव बदलले की पेट्या बांधून पुढे निघायचे. कष्ट पुष्कळ, पण पिटातल्या प्रेक्षकाची नाडी तेथे जितकी कळे तितकी दुसरीकडे कुठेच कळत नसे. चार आण्यांत आलेल्या माणसाला चाल आवडली की नाही, याचा निकाल तो जागच्या जागी लावून मोकळा होई.

पुढे कृष्णाला गुरू लाभले ते भास्करबुवा बखले. भास्करबुवा १८६९ साली जन्मले आणि १९२२ साली वारले. अवघ्या ५२-५३ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी ग्वाल्हेर परंपरेचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूर गायकीचे अल्लादिया खाँ या तिघांची विद्या आपल्या गळ्यात एकत्र केली. एका मराठी ब्राह्मणाने तीन मुसलमान उस्तादांच्या पायांशी बसून जे मिळवले, ते त्याने पुण्याच्या भारत गायन समाजात शिष्यांना वाटून टाकले. या वारशाची आठवण पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो. कृष्णरावांनी बुवांपाशी सुमारे दहा वर्षे काढली आणि त्यांचे पट्टशिष्य म्हणून नाव मिळवले. बुवा गंधर्व नाटक मंडळीचे संगीतगुरू असल्याने शिष्यही त्या मंडळीत आला. भूमिका केल्या, चाली बसवताना गुरूच्या मागे बसला, आणि गुरू गेल्यावर मंडळीच्या संगीताचा भार त्याच्या खांद्यावर आला. त्या वेळी त्याचे वय होते २४.

चाल लावणे म्हणजे काय

चाल लावणाऱ्याचे काम बाहेरून सोपे दिसते. वस्तुतः त्याला तीन धन्यांची चाकरी करावी लागते. पहिला धनी कवी. त्याच्या शब्दाचा अर्थ मोडता कामा नये. दुसरा धनी गाणारा. त्याच्या गळ्याला झेपेल, शोभेल असे द्यावे लागते. तिसरा धनी ऐकणारा. घरी परत जाताना त्याच्या ओठांवर काही उरले पाहिजे. बालगंधर्वांसारखा गळा समोर असताना तिसऱ्या धन्याचा विसर पडणे सहज शक्य होते. सगळे अलंकार गायकाच्या ताब्यात द्यावेत आणि टाळ्या घ्याव्यात!

मास्तरांनी तो मोह किती आवरला याचा दाखला १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कान्होपात्रा’ नाटकात मिळतो. कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, संतपदाला पोचलेली. त्या नाटकात संतांचे अभंग आहेत आणि त्यांत चोखोबांचा जोहारही आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्या महाराने धन्याच्या दारात घालावयाचा जोहार चोखोबांनी विठ्ठलाच्या दारात घातला, तो बालगंधर्वांच्या तोंडून नाटकगृहात ऐकू आला. मास्तरांनी बांधलेली त्याची चाल रागदारीचे भान सोडत नाही; पण तिचा मूळ सांगाडा भजनाचा आहे. ताना काढून टाकल्या तरी चाल उभी राहते. म्हणूनच ती नाटकगृहातून बाहेर पडली आणि ज्यांनी नाटकगृह कधी पाहिलेही नव्हते अशा भजनी मंडळ्यांत जाऊन बसली. गायकाची करामत बाजूला ठेवल्यावर चालीत काय उरते, ही चालीची खरी कसोटी होय.

बोलपट आणि शेजारी

१९३० नंतर बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांच्या राहुट्या उठू लागल्या. कित्येक गुणी माणसे त्या लाटेत रिकामी झाली. गिरणीत नवे यंत्र आल्यावर जुन्या कारागिराचे होते तसेच ते झाले. मास्तरांनी नव्या यंत्राचे तंत्र शिकून घेतले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटाला त्यांचे संगीत होते. एकनाथांच्या जीवनावरच्या या चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ ठेवले होते. महात्मा म्हटले की लोकांना गांधीजी आठवणार, या भीतीने परिनिरीक्षकांनी हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. त्यानंतर ‘अमरज्योति’ (१९३६), ‘वहां’ (१९३७), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) असे एकामागून एक चित्रपट आले. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांनी म्हटलेले अनेक भाषांतले गाणे तर मराठी घराघरांत गेले.

बोलपटातले गाणे तीन-चार मिनिटांत आटपावे लागे. आलापीला जागा नाही, ‘वन्स मोअर’ नाही. पुष्कळ गवयांना ती शिक्षा वाटली. मास्तरांना तेथे एक लाभ दिसला. नाटकाची चाल एका रात्री पाचशे लोक ऐकत. बोलपटाची चाल यात्रेच्या तंबूत खेडोपाडी जाई. जो शेतकरी, जो खलाशी, जो साळवी पुण्याच्या नाटकगृहाची पायरी कधी चढला नसता, त्याच्यापर्यंत भास्करबुवांच्या शिष्याची चाल जाऊ लागली.

‘शेजारी’चा उल्लेख थोडा विस्ताराने करतो, कारण त्याची कथा आपल्या तालुक्यांतल्या माणसाला परकी वाटणार नाही. एका गावात एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा जिवाभावाचे शेजारी असतात. गावाजवळ धरण बांधावयाचे असते. जमिनी हव्या असतात आणि गाव एक असेपर्यंत त्या मिळत नाहीत. तेव्हा धरणाचा धनी या दोघांत वितुष्ट लावतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे शेजारी एकमेकांना धरून त्या लोंढ्यात जातात. हिंदूची भूमिका केशवराव दात्यांनी केली आणि मुसलमानाची गजानन जागीरदारांनी. ज्या शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आले आणि ज्याच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्यात ही कथा समजावून सांगण्याची गरज नाही. या चित्रपटात गावकरी एकत्र येऊन गातात-नाचतात असा प्रसंग आहे. मास्तरांची त्या समूहगीताची चाल ऐकावी. एकाने उचलावे, सर्वांनी धरावे, पावलागणिक ठेका पडावा; आळंदीची दिंडीच ती, फक्त वेष निराळा. गाव एक आहे हे कथेत संवादांआधी गाण्याने सांगितले आहे, आणि पुढे गाव फुटते तेव्हा काय तुटले हे प्रेक्षकाला त्या गाण्यामुळेच कळते.

१९४४ साली ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात मास्तर स्वतः सावता माळी झाले. मोट, विळा, कांदा, मुळा यांतच देव पाहणारा, पंढरपुराजवळ राहूनही मळा सोडून वारीला न जाणारा हा संत. गायकाने साकारण्याजोगे राजे आणि देव पुष्कळ होते. मास्तरांच्या वाट्याला हा कष्टकरी आला, याचे आम्हांला समाधान वाटते.

एकट्याचा संप

आता आपण मास्तरांच्या आयुष्यातल्या मुख्य प्रकरणाकडे येतो. बंकिमचंद्रांचे ‘वंदे मातरम्’ हे गीत १८८२ साली ‘आनंदमठ’ कादंबरीत आले. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये ते रवींद्रनाथांनी गायिले. १९०५ च्या वंगभंगाच्या चळवळीत त्याची घोषणा झाली आणि लोक तिच्यासाठी फटके खाऊ लागले. महाराष्ट्रात विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते काँग्रेसच्या व्यासपीठांवरून गाजवले. एवढे होऊनही अडचण शिल्लक होती. गीत म्हणणारा बहुधा एक गवई असे. सभा उभी राहून ऐके. ज्या गीतासाठी लोक तुरुंगात जात, ते गीत लोकांना म्हणता येत नसे! घोषणा सर्वांची, गाणे मात्र एकाचे.

मास्तरांनी हे गीत झिंझोटी रागात बांधले. झिंझोटी हा राग गंभीर असूनही घरगुती आहे. भजनांच्या, लोकगीतांच्या कितीतरी चाली त्याच्या अंगणात वाढलेल्या. फार उंच चढावे लागत नाही, वळणे ओळखीची, त्यामुळे साध्या गळ्याला धाप लागत नाही. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. स्वतःच्या मैफलीत मास्तर ती चाल गात. मुंबई रेडिओवर त्यांनी गायन संपवताना हे गीत सुरू केले, तेव्हा परक्या सरकारच्या त्या केंद्राने मध्येच ध्वनिक्षेपण बंद केले. मास्तरांनी त्यावर रेडिओवर गाणेच सोडले. तेव्हाच्या गायकाला रेडिओ म्हणजे मानधन आणि नाव, दोन्ही. ते दोन्ही वर्षानुवर्षे बाजूला ठेवून ते स्वातंत्र्य येईपर्यंत थांबले. आम्ही संप पुष्कळ पाहिले. दोन हजारांचा संप पाहिला, दोनशेंचा पाहिला. एकट्या माणसाने, पाठीशी संघटना नसताना, मागे न घेतलेला संप क्वचितच पाहावयास मिळतो.

स्वातंत्र्य आले आणि राष्ट्रगीत कोणते असावे हा प्रश्न उभा राहिला. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. त्यांच्यापाशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती; ती तेथल्या वाद्यवृंदाला दिली आणि वादन सर्वांना आवडले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी ही हकीकत सांगितली आणि ‘वंदे मातरम्’ची थोरवी मान्य करून त्याची चाल बँडवर वाजवायला सोयीची नाही, अशी अडचण मांडली.

ही अडचण मुळीच पोकळ नव्हती. आपले गाणे मींडेवर चालते. एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज घसरत जातो. बँडमधल्या कित्येक वाद्यांचे स्वर ठरलेले, पायरीपायरीचे. आपला गवई मनाला येईल तेथे थांबतो. बँडवाला कागदावरच्या मात्रेला बांधलेला. शिवाय राष्ट्रगीत थोडक्यात आटपावे लागते. ‘जन गण मन’ला ठरलेला वेळ ५२ सेकंदांचा आहे. तेवढ्यात परदेशातल्या, आपली भाषा न कळणाऱ्या वादकालाही ते जसेच्या तसे वाजवता आले पाहिजे.

दुसरा कोणी असता तर वर्तमानपत्रात पत्र लिहून मोकळा झाला असता. मास्तरांनी चाल पुन्हा हाती घेतली. मींड कमी केली, मात्रा ठाम केल्या, पावलांशी जुळेल असा ठेका बांधला. पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणाऱ्यांची मदत घेऊन तिचे लेखन करवले, बँडवर वाजवून घेतली आणि ती घेऊन ते दिल्लीला गेले. नेहरूंपुढे व संविधान सभेच्या सदस्यांपुढे त्यांनी गाऊन व वाजवून दाखवले, की हे गीत समूहाला म्हणता येते आणि बँडला वाजवता येते. पन्नाशीच्या घरातला एक गवई, अंगावर सरकारी अधिकार नाही, पाठीशी पक्ष नाही, स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या हट्टाने एका चालीचा खटला चालवीत होता.

रशियातला दाखला

असा प्रश्न दुसऱ्या देशांनाही पडला आहे. रशियात १९१७ साली झारचे राज्य गेले. झारचा जयजयकार करणारे राष्ट्रगीत वाजवणे अशक्य झाले आणि नवे तयार नव्हते. त्या एप्रिलमध्ये रोम शहरी रशियन नृत्यमंडळीचा कार्यक्रम होता. आरंभी वाजवायचे काय? इगोर स्ट्राविन्स्की हा मोठा संगीतकार त्या मंडळीबरोबर होता. त्याने घाईघाईने बँडसाठी एक चाल लिहून दिली. ती त्याची स्वतःची नव्हती. व्होल्गा नदीच्या काठाने खांद्याला दोर लावून नावा ओढणाऱ्या मजुरांचे ते गाणे होते. ते गाणे त्याच्या आधी पन्नास वर्षे, १८६६ साली, बालाकिरेव या संगीतकाराने लोकगीतांच्या संग्रहात छापून ठेवले होते. मजुरांच्या खांद्यावरची चाल अशी राजाच्या गाण्याच्या जागी जाऊन बसली. रशियाचेच मुसोर्गस्की घ्या. सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाचे ‘बोरिस गोदुनोव’ हे संगीतनाटक १८७४ साली पीटर्सबर्गला रंगले, आणि त्यात झारच्या बरोबरीचे महत्त्व आहे ते गाणाऱ्या जमावाला. आणि कामगारांचे ‘इंटरनॅशनल’? त्याला १८८८ साली चाल लावली ती पिएर देगेतर या लाकूडकाम करणाऱ्या कामगाराने. ते गीत १९४४ पर्यंत सोव्हिएत संघाचे राष्ट्रगीत होते.

या तिन्ही दाखल्यांत एक समान गोष्ट आहे. समूहाची चाल वरून लादून टिकत नाही. ती खालून वर यावी लागते, किंवा वरच्या विद्येला खाली उतरून तिला शोधावे लागते. मास्तरांनी दुसरा मार्ग धरला. घराणेदार गायकीतून उतरत ते झिंझोटीच्या अंगणापर्यंत आले.

निकाल आणि त्यापुढे

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निर्णय जाहीर केला. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान दिला गेला. मास्तरांनी ज्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या केल्या ते पूर्णपणे साधले नाही.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘वंदे मातरम्’चा वाद बँडपुरता नव्हता. गीताच्या पुढल्या कडव्यांतल्या देवीच्या वर्णनाला मुसलमान समाजातून हरकत होती आणि म्हणून १९३७ सालीच काँग्रेसच्या कार्यकारिणीने पहिली दोन कडवी म्हणावीत असे ठरवले होते. संगीतकार सुरांची अडचण सोडवू शकतो. मनांची अडचण केवळ सुरांनी सुटत नाही. कामगार संघटनेत हे आम्ही रोज पाहतो. रामभाऊ आणि रहीमभाई एकाच यंत्रावर काम करतात, एकाच मागणीपत्रावर सह्या करतात. त्यांनी एकत्र गावे असे वाटत असेल तर गाणे असे हवे की कोणाला तोंड मिटून उभे राहावे लागू नये. जबरदस्तीने म्हणवून घेतलेले गाणे हजार तोंडांतून आले तरी समूहगान होत नाही. ज्या मास्तरांच्या गुरूने तीन खाँसाहेबांची विद्या घेतली आणि ज्यांनी ‘शेजारी’ला संगीत दिले, त्यांच्या कार्याचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. ‘वंदे मातरम्’ लोकांना म्हणता यावे हा त्यांचा आग्रह होता. कोणाविरुद्ध म्हणावे हा नव्हता.

मग मास्तर हरले काय? आम्हांला तसे वाटत नाही. मागणी मान्य न होताही काही लढे एक मुद्दा कायमचा सिद्ध करून जातात. सामान्य माणसाला हे गाता येणार नाही, हे कारण मास्तरांनंतर कोणाला पुढे करता येईना. आणि हा मुद्दा गाण्यापुरता नाही. ‘त्यांना जमणार नाही’ हे वाक्य आम्ही किती ठिकाणी ऐकले! कामगाराला हिशेब जमणार नाही, कातकऱ्याला शाळा जमणार नाही, बाईला सभा जमणार नाही. प्रत्येक वेळी उत्तर एकच असते. जमेल अशी रीत कोणीतरी बसून तयार करावी लागते. मास्तरांनी एका गाण्यापुरती ती तयार करून दाखवली.

आपल्या मुरबाड तालुक्याला तर या गीताचे मोल वेगळे सांगायला नको. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. नाभिक समाजातला, वकिलीपर्यंत शिकलेला माथेरानचा तरुण आणि त्याच्या आझाद दस्त्यातली शेतकऱ्यांची पोरे. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले होते. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर माणसे जमतात. त्या माणसांत गवई नसतात; शेतकरी, ठाकर, शाळेची मुले आणि मास्तर असतात. हुतात्म्यांपुढे उभे राहून त्यांनी काय आणि कसे गावे, हा प्रश्न मास्टर कृष्णरावांनी आयुष्यभर स्वतःला विचारला होता.

वंदना

या कार्याचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र १९५६ सालचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारण्याची तयारी चालवली होती. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसे जुना धर्म सोडून नवा घेणार होती. धर्म बदलणे म्हणजे तोंडातली गाणीही बदलणे. पूर्वीच्या आरत्या, पूर्वीचे गोंधळ मागे राहणार. मग एकत्र जमल्यावर म्हणायचे काय, आणि कसे? वंदना पाली भाषेत. ती भाषा कोणाच्या घरात बोलली जात नाही. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून मास्तरांनी बुद्धवंदनेला चाल दिली. अपरिचित भाषा, आणि गाणारी माणसे बहुतेक अक्षरशत्रू, खेड्यापाड्यांतली, मोलमजुरी करणारी. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने चोखोबांचा जोहार नाटकात बांधला, त्याच्याच हातून आता चोखोबांच्या वंशजांची वंदना बांधली गेली. जोहार वाकून घालायचा असतो. वंदना ताठ बसून, सर्वांनी एका सुरात म्हणावयाची असते. मधल्या पंचवीस वर्षांत देशात काय घडले, ते या दोन चालींच्या मधल्या अंतरात सापडते.

त्यापुढचे मास्तरांचे आयुष्य विद्यादानात गेले. भारत गायन समाजाला त्यांनी वाहून घेतले आणि ‘रागसंग्रह’ सात भागांत सिद्ध केला. घराण्यातल्या बंदिशी जिवापाड लपवून ठेवण्याच्या काळात त्या छापून वाटणे हेही त्याच वृत्तीचे काम होय. शिष्यांपैकी एक नाव आपल्या जिल्ह्याच्या अगत्याचे आहे. प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये जो मुलगा कृष्ण झाला, तो पुढे पंडित राम मराठे म्हणून गाजला आणि ठाण्यात स्थायिक झाला. १९७१ साली भारत सरकारने मास्तरांना पद्मभूषण दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी ते वारले.

संगीतकाराचे स्मारक कशाचे करावे? पुतळा गात नाही. आज आपल्याकडे लग्नात, मिरवणुकीत, जयंतीला ध्वनिवर्धकाची भिंत उभी राहते आणि हजार माणसांचा आवाज एका यंत्राखाली दडपला जातो. माणसे नाचतात, पण गात नाहीत. ओरडून शेजाऱ्याशी बोलावे लागते, मग त्याच्याबरोबर गाणार कुठून? गावच्या भजनी मंडळात, शाळेच्या पटांगणात, बुद्धविहारात आणि आमच्या कामगारांच्या सभेत अजून जो काही एकत्र सूर निघतो, तो जपणे आपल्या हातात आहे. त्याला पैसा लागत नाही. एकाने चरण उचलावा लागतो आणि बाकीच्यांनी लाज सोडून ध्रुपद धरावे लागते.